ॲप आलं म्हणून रेडिओचा मनोरा पाडायचा नसतो

गेले काही दिवस व्हॉट्सॲपवर एक मजकूर फिरतोय. माझ्या कॉलेजच्या ग्रुपवर आला, सोसायटीच्या ग्रुपवर आला, परवा मावशीनेही पाठवला. त्याचा सारांश असा: ‘रेडिओ आता इंटरनेटवर आहे. ॲप उघडलं की जगातलं कुठलंही केंद्र लागतं, आवाज सीडीसारखा आणि खर्च शून्य. नॉर्वेने तर २०१७ मध्येच रेडिओ बंद केला. मोबाइल घरोघरी आहे, संकटातही तोच कामाला येतो. मग आकाशवाणीचे मनोरे आणि त्यांची विजेची बिलं आपण कशाला पोसायची? सगळं ॲपवर न्या.’

मी स्वतः इंटरनेट रेडिओ रोज ऐकते. पुण्यात बसून आकाशवाणीची मुंबईची अस्मिता वाहिनी मला फोनवर स्वच्छ ऐकू येते. अमेरिकेतला माझा मावसभाऊ तीच वाहिनी तिकडे स्वयंपाक करताना लावतो. मनोऱ्याला हे कधीच जमलं नसतं, म्हणून मला इंटरनेटबद्दल तक्रार नाही. पण माझं माहेर दापोली तालुक्यात, हर्णैजवळ आहे. हा मजकूर खरा मानून उद्या कुणी निर्णय घेतला, तर त्याचा फटका पहिल्यांदा तिथल्या लोकांना बसेल. म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर देते.

‘रेडिओ आता इंटरनेटवर आहे.’ स्टुडिओपर्यंत दोन्हीकडे सारखंच असतं. निवेदिका माइकसमोर बोलते, तंत्रज्ञ आवाजाची पातळी सांभाळतो. पुढे मात्र वाटा फुटतात. मनोऱ्यावरून लहरी एकदा सुटल्या की त्या कोण ऐकतंय याच्याशी मनोऱ्याला काही देणंघेणं नसतं. एकाने सेट लावला काय आणि एक लाख लोकांनी लावला काय, ट्रान्समीटरला विजेचं एक युनिटही जास्त लागत नाही. इंटरनेटवर तोच आवाज एनकोडरमध्ये, म्हणजे आवाजाची डिजिटल फाइल करणाऱ्या यंत्रात जातो, एमपी३ किंवा एएसी या प्रकारांत आवळला जातो आणि सर्व्हरवर पोचतो. तुम्ही प्ले दाबलं की सर्व्हर तुमच्यासाठी एक धार सोडतो, शेजाऱ्याने दाबलं की त्याच्यासाठी दुसरी. देवळातली घंटा वाजली की सगळ्या आळीला ऐकू जाते. स्ट्रीमिंग म्हणजे आळीतल्या प्रत्येक घरी वेगळा फोन लावून ‘आरती सुरू झाली’ असं सांगणं.

याचा हिशोब कुणालाही करता येईल. ६४ केबीपीएसची, म्हणजे सेकंदाला ६४ हजार बिटची साधी धार धरली, तर दहा हजार श्रोत्यांना सेकंदाला ६४० मेगाबिट लागतात आणि एक लाख श्रोत्यांना ६.४ गिगाबिट. श्रोते वाढले की मनोऱ्याचा दरडोई खर्च उतरतो, पण इंटरनेटचं बिल श्रोत्यांबरोबर चढतं. नेमक्या ज्या दिवशी सगळं राज्य एकाच वेळी बातम्या लावतं, म्हणजे पूर, वादळ किंवा भूकंपाच्या दिवशी, त्याच दिवशी सर्व्हरवर सगळ्यात जास्त ताण येतो.

आणखी एक गोष्ट माहेरी गेले की मी दरवेळी अनुभवते. सकाळी आई चुलीपाशी ट्रान्झिस्टरवर प्रादेशिक बातम्या लावते, मी पडवीत फोनवर त्याच बातम्या लावते. आईची निवेदिका दुसऱ्या बातमीवर गेलेली असते, तेव्हा माझी अजून पहिलीच सांगत असते. कारण सोपं आहे. स्ट्रीम पुष्कळदा काही सेकंदांच्या तुकड्यांत येतो आणि रेंज हलली तरी आवाज तुटू नये म्हणून ॲप दोन-तीन तुकडे आधी साठवतं, मगच वाजवायला घेतं. वीस-तीस सेकंद असे सहज जातात. गाण्याला त्याने काही बिघडत नाही. क्रिकेटच्या समालोचनाला बिघडतं, शेजारच्या घरातून आरडाओरडा आधी येतो.

आणि ‘आता’ हा शब्दही बरोबर नाही. इंटरनेट रेडिओ नवा नाही. १९९३ मध्ये अमेरिकेत कार्ल मालामूद यांनी ‘इंटरनेट टॉक रेडिओ’ सुरू केला. ७ नोव्हेंबर १९९४ रोजी नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांच्या डब्ल्यूएक्सवायसी या केंद्राने आपलं एफएम प्रसारण इंटरनेटवर सोडलं. असं करणाऱ्या अगदी पहिल्या केंद्रांत त्याचं नाव घेतलं जातं. त्या केंद्राने आपलं एफएम बंद केलं नाही. दोन्ही चालू आहेत.

‘आवाज सीडीसारखा.’ मीडियम वेव्हशी, म्हणजे एफएमच्या आधीपासूनच्या, लांब पोचणाऱ्या रेडिओ पट्ट्याशी तुलना केली तर इंटरनेटचा आवाज चांगला, हे मला मान्य आहे. मीडियम वेव्हवर दोन केंद्रांमधलं अंतर आपल्याकडे ९ किलोहर्ट्झ असतं, तेवढ्या जागेत बासरीच्या आवाजातली सगळी झळाळी मावत नाही. पण एफएमवर १५ किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज जातो. कमी डेटात बसवायला आवळलेला स्ट्रीम त्याच्यापुढे सरस असेलच असं नाही. जिथे झांजा आणि टाळ आहेत, तिथे हा फरक कानाला लगेच कळतो.

‘खर्च शून्य.’ कुणाला? ६४ केबीपीएसने तासाला साधारण २९ एमबी जातात. आईचा रेडिओ दिवसाला चार तास सहज चालतो, म्हणजे महिन्याला जवळपास साडेतीन जीबी, आणि त्यासाठी रिचार्ज संपू द्यायचा नाही. तिच्या सेटला दोन पेन्सिल सेल पुरतात. केंद्र चालवणाऱ्यालाही शून्य खर्चात काही जमत नाही. इंटरनेट केंद्राला फ्रिक्वेन्सीचा परवाना लागत नाही हे खरं, आणि त्यामुळे कितीतरी हौशी मंडळींना दार उघडलं हेही खरं. पण गाणी वाजवायची तर हक्क घ्यावे लागतात, आणि तिथे रेडिओ केंद्राला असलेली कायद्याची सोय इंटरनेटला नाही. कॉपीराइट कायद्याच्या कलम ३१-डीखाली प्रसारकाला ठरलेल्या दराने गाणी वाजवता येतात. ही तरतूद इंटरनेट स्ट्रीमिंगला लागू होत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये एका संगीत ॲपच्या खटल्यात सांगितलं आणि २०२२ मध्ये खंडपीठाने ते कायम ठेवलं. म्हणजे गाण्याच्या मालकाशी स्वतंत्र बोलणी करायची, तो म्हणेल तो दर.

याउलट लहान मनोरा किती लहान असू शकतो तेही बघा. सामुदायिक रेडिओला आपल्याकडे १०० वॉटची मर्यादा आहे. पूर्वी आपण घरात लावायचो त्या जुन्या पिवळ्या बल्बएवढी. सातारा जिल्ह्यात म्हसवडला ‘माणदेशी तरंग वाहिनी’ ९०.४ मेगाहर्ट्झवर चालते आणि दुष्काळी माणदेशातल्या बायका त्यांच्याच बोलीत त्यांच्याच पाण्याबद्दल, शेळ्यांबद्दल, बचतीबद्दल बोलतात. हे ऐकायला रिचार्ज लागत नाही.

आता नॉर्वे. या मजकुरातला हाच मुद्दा लोकांना सगळ्यात पटलेला दिसतो, आणि तोच सगळ्यात चुकीचा आहे. नॉर्वेने रेडिओ बंद केला नाही. ११ जानेवारी २०१७ पासून वर्षभरात तिथल्या राष्ट्रीय वाहिन्या एफएमवरून डीएबीवर गेल्या. डीएबी म्हणजे डिजिटल प्रसारण, आणि तेही मनोऱ्यावरूनच होतं. त्याला डेटा लागत नाही, सर्व्हर लागत नाही, फक्त वेगळा सेट लागतो. बरीच छोटी स्थानिक केंद्रं तर तेव्हाही एफएमवरच राहिली. डिजिटल म्हणजे इंटरनेट, ही गल्लत इथे झाली आहे. आपल्याकडेही आकाशवाणीने मीडियम वेव्हवर डीआरएम नावाचं डिजिटल तंत्र आणलं, तीसहून जास्त ट्रान्समीटर त्यासाठी बसवले आणि काही मोटारींमध्ये ते पकडणारे सेट येतात. त्या प्रयोगात त्रुटी असतील, सेट महाग आहेत आणि बाजारात सहज मिळत नाहीत. पण तोही हवेतूनच येतो.

‘संकटात मोबाइलच कामाला येतो.’ ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं आणि दापोली, मंडणगडलाही झोडपून गेलं. लॉकडाऊनमुळे मी तेव्हा माहेरीच होते. दुपारपर्यंत पोफळीच्या बागा आडव्या झाल्या होत्या, पडवीवरची कौलं अंगणात पडली होती. वीज सकाळीच गेली होती. फोनची रेंज आधी एका काडीवर आली, मग तीही गेली. पुढे कित्येक दिवस ती परत आली नाही. यात कुणा एका कंपनीचा दोष काढायचा नाहीये. टॉवरला वीज लागते, वीज गेली की बॅटरी, बॅटरी गेली की डिझेल, आणि डिझेल पोचवायला रस्ता मोकळा लागतो. आमच्या रस्त्यावर तर आंब्याफणसाची झाडं आडवी पडलेली.

त्या रात्री अण्णांनी त्यांचा ट्रान्झिस्टर काढला. मागचं झाकण कधीचंच मोडलंय, सेल रबरबँडने धरून ठेवलेले. कानाशी लावून ते सुई हळूहळू फिरवत होते, खरखर, कुठलं तरी परभाषिक केंद्र, पुन्हा खरखर, आणि मग मीडियम वेव्हच्या ५५८ किलोहर्ट्झवर मुंबई लागली. वादळाचा जोर ओसरतोय आणि ते पुढे घाटावर सरकलंय, हे आम्हाला तिथून कळलं. आई तोपर्यंत देवापाशी बसून होती. ती उठली आणि तिने भात टाकला. दुसऱ्या दिवशी शेजारच्या चार घरची माणसं बातम्यांच्या वेळेला आमच्या पडवीत येऊन बसली.

मुंबईचा आवाज एवढ्या लांब पोचला, यात नशिबाचा भाग नाही. मीडियम वेव्हच्या लहरी जमिनीला धरून जातात, आणि खाऱ्या पाण्यावरून तर आणखी लांब, कारण ते वीज चांगली वाहून नेतं. रात्री वातावरणाचा वरचा थर त्या परत खाली वळवतो, म्हणून अंधार पडल्यावर लांबची केंद्रं लागतात. हर्णै बंदरातून निघालेली होडी किनाऱ्यापासून पुरेशी आत गेली की मोबाइल मुका होतो, मीडियम वेव्ह मात्र ऐकू येत राहतं. मच्छीमारांसाठीचे हवामानाचे इशारे आकाशवाणीची किनाऱ्यावरची केंद्रं याच कारणासाठी सांगतात. ज्याला हे पटत नसेल त्याने होडीत बसून भर समुद्रात ॲप उघडून बघावं.

पुढच्या वर्षी, २०२१ मध्ये २२ जुलैला पुरात चिपळूण बुडालं, तेव्हाही तिथल्या नातेवाइकांशी आमचं बोलणं लगेच झालं नाही. त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

‘मनोऱ्यांची वीज.’ मोठ्या मीडियम वेव्ह ट्रान्समीटरला वीज भरपूर लागते, हे खरं आहे. नागपूरला एक हजार किलोवॉटचा होता. अशा ट्रान्समीटरचा खर्च बघून काही बंद करणं, काहींची ताकद कमी करणं, काही ठिकाणी एफएम आणणं, यावर बोलता येईल आणि बोलायलाच हवं. बरेच जुने ट्रान्समीटर गेल्या काही वर्षांत बंद झालेही आहेत. पण सगळे बंद करून ॲपवर जाणं ही काटकसर नव्हे. ते बिल श्रोत्याच्या खिशातून जाणाऱ्या डेटावर ढकलणं आहे.

एक जाता जाता. रेडिओ लावणाऱ्याचं नाव मनोऱ्याला कळत नाही. तुम्ही कुठून, किती वाजता, किती मिनिटं ऐकलंत, हे स्ट्रीम देणाऱ्या सर्व्हरकडे नोंदलेलं असतं. मला हा फरक मोठा वाटतो.

हा मजकूर ज्यांनी पाठवला त्यांना मी एवढंच करायला सांगितलं: तुमच्या फोनमध्ये एफएम रेडिओ आहे का ते शोधा. पुष्कळ फोनमध्ये त्याची चिप असते, काही कंपन्या ती बंद ठेवतात. ती चालू ठेवावी, असं केंद्राच्या माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने २०२३ मध्ये कंपन्यांना कळवलं होतं, आणि त्यामागे आपत्तीच्या वेळची गरज हे एक कारण दिलं होतं. डेटा बंद करा, इअरफोन लावा आणि स्कॅन करा. वायरवालेच लागतात, कारण ती वायरच अँटेना असते. ठाण्यातल्या माझ्या भावाच्या फोनमध्ये एफएम निघालं. वायरवाले इअरफोन मात्र घरात कुणाकडेच नव्हते, ते त्याला बाजारातून आणावे लागले.