पद हवं, काम नको
दरवर्षी तेच! कॉलेजात विभागाच्या विद्यार्थी मंडळाची निवड झाली की फोटो, अभिनंदन आणि मग सहा महिने सामसूम. अरे, वर्ग प्रतिनिधीचं काम काय? प्रयोगशाळेतले ऑसिलोस्कोप (विजेचे सिग्नल पडद्यावर दाखवणारी यंत्रं) बंद पडलेत, एकाच आठवड्यात चार-चार सबमिशन येतात, हे विभागप्रमुखांपुढे मांडायचं कोणी? सगळी ताकद टेकफेस्टच्या, म्हणजे कॉलेजच्या तांत्रिक महोत्सवाच्या, टी-शर्टवर! जी पोरं रात्र-रात्र राबतात त्यांचं नाव कुठेच नाही, आणि अध्यक्ष बायोडेटात 'नेतृत्वगुण' लिहून मोकळे. सगळ्यात चीड येते ती पद सोडून जातानाची. ना हिशेब, ना प्रायोजकांचे नंबर, ना अर्धवट राहिलेल्या तक्रारींची नोंद. पुढच्यांनी पुन्हा शून्यापासून सुरुवात करायची. एक साधी वही तरी ठेवा रे!