बोलायला शिकल्याने चित्रकला जात नाही

'ऑटिझम (स्वमग्नता) असलेलं मूल बोलू लागलं की त्याची चित्रकला जाते, स्पीच थेरपी (बोलायला शिकवणारे उपचार) थांबवा,' असा मेसेज फिरतोय. कृपया थांबवू नका. हा समज नादियामुळे पसरला. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमची, ऑटिझम असलेली ही मुलगी साडेतीन वर्षांची असताना बॉलपेनने उधळते घोडे काढायची. पुढे थोडं बोलू लागली आणि चित्रं मागे पडली. एकीवरून सगळ्यांचं कसं ठरवायचं? ऑटिझम असलेला लंडनचा चित्रकार स्टीफन विल्टशर बघा. पाचव्या वर्षापर्यंत तो बोलत नव्हता. शिक्षकांनी चित्रांचं सामान मुद्दाम काढून घेतलं, तेव्हा त्याने पहिला शब्द उच्चारला: 'पेपर'. पुढे तो व्यवस्थित बोलू लागला, आणि २००५ मध्ये हेलिकॉप्टरमधून पाहिलेलं टोकियो त्याने १० मीटर कॅनव्हासवर नुसत्या आठवणीतून उतरवलं.