आमदार साहेब, यंदा फॉर्म बीचा हिशोब द्या

गेल्या आठवड्यात आमच्या आमदारांचा कार्य अहवाल घरी आला. गुळगुळीत कागद, रंगीत फोटो, मागच्या पानावर संपर्क कार्यालयाचा पत्ता. कार्यकर्ते भर उन्हात प्रत्येक मजल्यावर फिरून देऊन गेले, त्यांचे कष्ट मला मान्य आहेत. मी तो पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचला. काँक्रीटचे रस्ते, हायमास्ट दिवे, ओपन जिम, ज्येष्ठांसाठी विरंगुळा केंद्र. 'सुरक्षित मतदारसंघ' अशा मथळ्याची दोन पानं होती. त्यात सीसीटीव्ही, नवी पोलीस चौकी, आणि सुरक्षेच्या कायद्यांवर साहेब विधानसभेत काय बोलले ते. यातल्या कशालाही माझा विरोध नाही. पण त्या दोन पानांत 'आग' हा शब्द मी शोधला आणि तो कुठेच नव्हता. गेल्या मे महिन्यापासून सुरक्षा म्हटलं की मला आधी तोच आठवतो.

आमची इमारत चौदा मजल्यांची, ठाणे जिल्ह्यातली. त्या वेळी मी सोसायटीची सचिव होते. रात्री पावणेतीनच्या सुमारास तळमजल्यावरच्या मीटर रूममध्ये शॉर्ट सर्किट झालं. आग तशी मोठी नव्हती, पण धूर डक्टमधून वर चढला आणि दहा मिनिटांत सहाव्या-सातव्या मजल्याच्या पॅसेजमध्ये स्वतःचा हात दिसेना. दिवे गेले, लिफ्ट बंद. जिन्यात चपलांचे स्टँड, मुलांच्या सायकली, चौथ्या मजल्यावर कुणीतरी 'दोन दिवसांसाठी' ठेवलेला जुना सोफा. नवव्या मजल्यावरच्या आजींच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. दोन पोरांनी त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून खाली आणलं. सोफ्यापाशी खुर्ची वळेना म्हणून खुर्ची सोडून आजींना उचलून घ्यावं लागलं. त्या मोठ्याने रामरक्षा म्हणत होत्या. मधेच खोकल्याने त्यांचा आवाज बंद झाला तो क्षण मी अजून विसरलेले नाही.

तिसऱ्या मजल्यावर आमच्यातल्या एकाने लाल होज बॉक्स उघडला. आत एक केरसुणी, दिवाळीतला घडी घातलेला कंदील आणि होज पाईप. पाईपच्या घड्या एकमेकींना चिकटलेल्या, उलगडताना त्याला चिरा पडल्या. पितळी नोझल जागेवर नव्हतं, कधी गेलं कुणालाच माहीत नाही. तरी त्याने व्हॉल्व्ह फिरवला. आतून नुसती हवा सुटल्याचा आवाज आला. पाणी नाही.

पाणी का नव्हतं ते मला ठाऊक होतं. आगीच्या सहा महिने आधी जॉकी पंप, म्हणजे आगीच्या लाईनमधला दाब टिकवणारा छोटा पंप, सारखा सुरू व्हायचा, लाईन कुठेतरी गळत होती. गळती शोधायला खर्च, पंप चालू ठेवला तर बिल. म्हणून कमिटीच्या मीटिंगमध्ये आम्ही पंपांचं पॅनल 'ऑटो'वरून काढून बंद करून ठेवलं. ठरावावर माझी सही आहे. त्यानंतर जानेवारीत लायसन्स असलेल्या एजन्सीचा माणूस आला, ऑफिसात बसला, चहा प्यायला, मागच्या वेळचा फॉर्म बी, म्हणजे आगीची यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र, समोर ठेवून नवा भरला आणि गेला. एकाही मजल्यावर चढला नाही. त्या फॉर्मवर हायड्रंटच्या, म्हणजे आग विझवायच्या पाण्याच्या लाईनच्या, रकान्यात 'कार्यरत' असं लिहिलं होतं. तो फॉर्म अग्निशमन विभागात जमा करताना सोबतच्या पत्रावर सही माझीच.

दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या एका इलेक्ट्रिशियनने मेन स्विच पाडला, वॉचमनदादांनी पावडरचे दोन सिलिंडर मारले, आणि बंब येईपर्यंत आग आटोक्यात आली होती. जीव कुणाचा गेला नाही. बंबावरच्या जवानाने उतरल्या उतरल्या विचारलं, "फायर पंप कुठाय? चालू करा." मी त्याला काय उत्तर दिलं ते लिहायची माझी हिंमत नाही.

हे सगळं इथे उघड मांडतेय, कारण मला आमदारांना काही सांगायचं आहे आणि स्वतःची चूक लपवून ते सांगता येणार नाही.

महाराष्ट्रात आगीसाठी कायदा आहे आणि तो चांगला कायदा आहे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६. डिसेंबर २००८ पासून लागू. कायद्याच्या अनुसूचीत येणाऱ्या इमारतीच्या मालकाने किंवा भोगवटादाराने यंत्रणा बसवायची, ती चालू स्थितीत ठेवायची आणि वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, लायसन्सधारक एजन्सीकडून तसं प्रमाणपत्र घेऊन जमा करायचं. हाच तो फॉर्म बी. सोसायट्याच नव्हेत, हॉस्पिटलं, मॉल, हॉटेलं, ऑफिसं, सगळी यात येतात. नोटीस बजावण्यापासून इमारत रिकामी करायला लावण्यापर्यंतचे अधिकार अग्निशमन अधिकाऱ्यांना आहेत. शिक्षेत तुरुंगवासही आहे. कागदावर काही कमी नाही.

आणि हा कायदा लागू असतानाच कमला मिलची आग लागली. २९ डिसेंबर २०१७, १४ जीव गेले. वाचण्यासाठी बरेच जण स्वच्छतागृहात शिरले आणि तिथेच गुदमरले. हा कायदा लागू असतानाच ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या अतिदक्षता कक्षात आग लागली आणि दहा बाळं गेली. बाळांना पळता येत नाही हो. त्यांच्यासाठी दुसऱ्या कुणीतरी आधीच सगळं नीट करून ठेवलेलं असायला हवं होतं. त्यानंतर राज्यभर हॉस्पिटलांच्या फायर ऑडिटचे आदेश निघाले. एप्रिलमध्ये विरारला रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात आग. नोव्हेंबरमध्ये, भंडाऱ्याला दहा महिने झालेले असताना, तेव्हाच्या अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात कोविड रुग्णांच्या आयसीयूत आग, ११ जण दगावले. एकाच वर्षात तीन हॉस्पिटलं.

प्रत्येक वेळी सभागृहात तेच होतं. शोकप्रस्ताव, मदतीची घोषणा, चौकशी समिती, आणि कुणीतरी उठून म्हणतं की कायदा कडक करा. आमच्या आगीनंतर मी आमदारांच्या जनता दरबारात गेले होते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, आजींची चौकशी केली, मला पाणी प्यायला दिलं. मग म्हणाले, "ताई, हा विषय महापालिकेचा आहे. पण कायदा आणखी कडक करायला हवा, मी अधिवेशनात बोलतो." हेतू चांगलाच होता. पण साहेब, मला तेव्हाच म्हणायचं होतं आणि जमलं नाही ते आता म्हणते. कायदा कडक नव्हता म्हणून माझ्या इमारतीत पाणी नव्हतं असं नाही. मी खोट्या कागदावर सही केली आणि ती खोटी आहे हे तपासायला जानेवारी ते मे कुणीही आलं नाही, म्हणून पाणी नव्हतं. शिक्षा दुप्पट केलीत तरी जो फॉर्म कुणी उघडूनच बघत नाही, त्याची भीती माझ्यासारख्या सचिवाला का वाटावी?

आणि विषय महापालिकेचा कसा? अंमलबजावणी महापालिकेची, पण कायदा विधानमंडळाचा. ज्या सभागृहाने तो केला, त्याने तो चालतो की नाही हे विचारायचं नाही, तर कुणी विचारायचं? मी माहिती अधिकारात अर्ज टाकून पाहिला. शहरात किती इमारतींना फॉर्म बी लागू आहे, गेल्या जानेवारीत किती आले, किती ठिकाणी जाऊन तपासणी झाली, असे तीन साधे प्रश्न. उत्तर आलं, माहिती एकत्रित स्वरूपात उपलब्ध नाही. नागरिकाला हे उत्तर देऊन वाटेला लावता येतं. आमदाराच्या तारांकित प्रश्नाला मंत्र्यांना सभागृहात उभं राहून उत्तर द्यावं लागतं, आणि त्या उत्तरासाठी मग खालपासून वरपर्यंत आकडे गोळा करावे लागतात. आमच्याकडे जी ताकद नाही ती तुमच्याकडे आहे. लक्षवेधी आहे, अर्ध्या तासाची चर्चा आहे. आम्ही तुम्हाला मत देतो ते गटाराच्या झाकणासाठी नाही, त्याला नगरसेवक आहे. तुम्हाला मत देतो ते याच प्रश्नासाठी.

म्हणून पुढच्या अहवालात मला दोनच गोष्टी वाचायच्या आहेत. आपल्या मतदारसंघात कायद्याखाली येणाऱ्या इमारती किती आणि त्यातल्या किती ठिकाणी अधिकाऱ्याने प्रत्यक्ष व्हॉल्व्ह उघडून पाहिला. आणि खोटं प्रमाणपत्र देणाऱ्या किती एजन्सींचं लायसन्स रद्द झालं. आकडे लाजिरवाणे असतील. असू देत, छापा. पहिल्या वर्षी लाजिरवाणे आकडे छापणारा आमदार मला चालेल, त्याच्यासाठी मी स्वतः घरोघरी अहवाल वाटीन. तपासायला माणसं कमी आहेत असं उत्तर येईल, ते खरंही असेल. पण मग ती किती कमी आहेत हेही सभागृहात येऊ दे, म्हणजे भरतीचा प्रश्न त्याच्या पाठोपाठ विचारता येईल. आणि सुरुवात हॉस्पिटलांपासून व्हावी. आमच्या इमारतीत निदान जिना उतरता येणारी माणसं राहतात.

दर १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन असतो. १९४४ साली त्याच दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' जहाजाचा स्फोट झाला. आत कापसाच्या गासड्या आणि दारूगोळा एकत्र भरला होता. आग विझवायला गेलेले अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. त्या दिवशी बंबाला हार घालतात, जवानांचा सत्कार होतो, तो व्हायलाच हवा. पण आमच्या दारात आलेल्या त्या जवानाला हार नको होता. त्याला चालू पंप हवा होता.

आमच्याकडे काय केलं तेही सांगते. मी सचिवपद सोडायचं म्हणत होते, सभासदांनी सोडू दिलं नाही, म्हणाले आधी दुरुस्त करा. जमिनीखालची लाईन दोन ठिकाणी फुटलेली निघाली, ती बदलली. वर्गणी काढताना कटकट झाली, भांडणं झाली, तरी पैसे जमले. सगळे होज नवे, नोझल साखळीने बांधलेली. जिन्यातला सोफा गेला. सायकलींवरून अजून वाद आहेत. एजन्सी बदलली, आणि यापुढे प्रत्येक मजल्यावरचा एक रहिवासी समोर उभा असल्याशिवाय फॉर्मवर टिक होणार नाही असा ठराव केला.

जुलैचा फॉर्म बी आणि पावसाळी अधिवेशन साधारण एकाच सुमारास येतात. आमची चाचणी जुलैच्या पहिल्या रविवारी सकाळी ९ वाजता आहे. आमदार साहेब, रविवारी सभागृह नसतं, तर या. भाषण नको, बॅनरही लावणार नाही. चौदाव्या मजल्यावरचा व्हॉल्व्ह तुम्ही तुमच्या हाताने उघडा आणि पाणी येतंय का बघा. नवव्या मजल्यावरच्या आजींनी चहा त्यांच्याकडे ठेवलाय.