घर विकायचंय? आधी रंगपंचमी होऊ द्या

इंदूरमध्ये विकायच्या घराला बाहेरून रंग द्यायचा मुहूर्त मी एकच मानतो: रंगपंचमीची दुसरी सकाळ. राजवाड्याच्या बाजूला घर असेल तर हे सांगायलाच नको. गेर, म्हणजे रंगपंचमीची रंग उडवत जाणारी मिरवणूक, निघते तेव्हा त्या रस्त्यावरचे लोक अख्ख्या घरावर ताडपत्री बांधतात, कारण टँकरवरून उडालेला रंग कुठल्या मजल्याला थांबेल याची हमी कुणी देत नाही. तुम्ही चार दिवस डोकं खाजवून 'फिकट बदामी' निवडावा आणि गावाने त्यावर फुकटात गुलाबी हात मारावा, असं नको.

रंगपंचमीपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत साधारण सहा आठवडे मिळतात. भिंती कोरड्या, कारागीर मोकळे, आणि तृतीयेला गिऱ्हाईक बयाणा द्यायच्या मनःस्थितीत. दिवाळीचा मुहूर्त दिसायला गोड, पण फसवा. पितृपक्षात भिंती ओल्या असतात आणि नवरात्रात रंगारी मिळत नाही. मिळालाच तर ओल्या भिंतीवर हात मारून तो पुढच्या घरी जातो. धनत्रयोदशीला गिऱ्हाईक येतं तेव्हा भिंत तळलेल्या पापडासारखी फुगलेली असते.

रंगाच्या दुकानात जाण्याआधी भिंतीची परीक्षा घ्या. फूटभर चौरस पॉलिथिन चारही कडांनी चिकटपट्टीने भिंतीला चिकटवा आणि २४ तास विसरा. आतून थेंब दिसले तर ओल भिंतीतूनच येते आहे. अशा वेळी रंगारी एक वाक्य हमखास म्हणतो: "बाबूजी, पुट्टी भर देंगे, पता नहीं चलेगा." पता चलता है. तीन आठवड्यांत, आणि नेमका गिऱ्हाइकाच्या सासऱ्यांना. त्यातून त्याने आतल्या भिंतीची अॅक्रिलिक पुट्टी बाहेर भरली असेल तर पहिल्याच पावसात तिचं पिठलं होतं. बाहेर पांढऱ्या सिमेंटचीच पुट्टी लागते.

ओल कुठून येते ते शोधायला फार हुशारी लागत नाही, मान वर करावी लागते. गच्चीवरच्या टाकीचा बॉल कॉक (टाकी भरली की पाणी बंद करणारी तोटी) गळका असेल तर ओव्हरफ्लोच्या पाइपाखाली हिरवा ओघळ असतो. आधी कॉक बदला, मग ओघळ घासा. उलटं केलं तर दर महिन्याला घासाल.

दुसरा चोर छज्जा. छज्जाच्या कडेवरून पाणी थेंब होऊन पडायला हवं. खालच्या अंगाला खाच नसेल तर ते छज्जाच्या पोटाला चिकटून सरळ भिंतीकडे चालत येतं आणि खिडकीवर काळ्या मिशा काढतं. उपाय म्हणजे बाहेरच्या कडेपासून इंच-दीड इंच आत, १०-१२ मिलीमीटर रुंदीची खाच. ती टोकाला भिंतीत घुसवायची नाही, दोन इंच आधी थांबवायची, नाहीतर तीच पाण्याची पन्हाळ होते. मिस्त्रीला हे दोनदा सांगा, आणि तिसऱ्यांदा तो शिडीवर असताना.

आता इंदूरभोवतीच्या माळव्याची काळी माती. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. वर तुमची कंपाउंडची भिंत उथळ पायावर उभी. मग तिला तिरकी भेग पडणारच. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करून तारीख लिहा. भेग पुढे सरकली तर ती जिवंत आहे. उन्हाळ्यात ती रुंद असते, तेव्हाच तिच्यात सिमेंट ठासलं तर पावसात माती फुगते, भेग मिटायला बघते आणि सिमेंट बाहेर ढकललं जातं. जिवंत भेगेत लवचीक सीलंटच भरायचं, मेलेली असेल तर इंग्रजी व्हीच्या आकारात खोदून, धुऊन, पॉलिमर मिसळलेला सिमेंटचा मसाला. आणि घराभोवती अडीच-तीन फुटांचा फरसबंदीचा पट्टा, भिंतीपासून दूर उतार दिलेला: पन्नास इंचांना एक इंच पुरे. पाणी पायाशी थांबलं नाही की निम्मी भांडणं संपतात. नवं प्लास्टर कुठे केलं असेल तर रंगाआधी २८ दिवस थांबावं लागतं, म्हणजे सहातले चार आठवडे तिथेच गेले. म्हणून गवंडी पहिल्याच दिवशी.

मग रंग. खरवडणं, शेवाळाला ब्लीचिंग पावडरचं पाणी, धुणं, दोन-तीन दिवस सुकवणं, प्रायमरचा एक हात, बाहेरच्या इमल्शनचे दोन, मध्ये चार-सहा तास. लिटरला दोन हातांत ५०-६० चौरस फूट धरा, म्हणजे हजार फुटांना वीस लिटरची बादली. पंधरात भागवतो म्हणणारा पाच लिटर नळाखालून आणतो. रंगाऱ्याला सावलीच्या मागे पळवा, सकाळी पश्चिमेची भिंत आणि दुपारनंतर पूर्वेची. तापल्या भिंतीवर रंग ब्रशखालीच सुकतो आणि पट्टे उठतात.

ओट्यावर कोटा फरशी असेल तर घरच्यांपासून अॅसिडची बाटली लपवा. कोटा हा चुनखडीचाच दगड, अॅसिड त्याला खातं. फेस येतो तो मळाचा वाटतो, पण असतो दगडाचा. वीस वर्षांची चकाकी पाच मिनिटांत जाते. धुण्याचा सोडा, गरम पाणी आणि कडक ब्रश, बस.

फाटक करकरतं ते तेलाविना असेलच असं नाही. बहुधा वरचा बिजागर खांबातून सैल होऊन पल्ला लोंबलेला असतो आणि जमीन घासतो. वेल्डिंग आधी, मग काचपेपर, रेड ऑक्साइड, इनॅमलचे दोन हात.

बागेबद्दल थोडक्यात: हिरवळीच्या फंदात पडू नका. एप्रिल-मेमध्ये एकाआड एक दिवस येणारं नर्मदेचं पाणी तिला पुरत नाही, आणि वाळलेली हिरवळ उघड्या मातीपेक्षा दीनवाणी दिसते. त्यापेक्षा बोगनवेल रंगपंचमीलाच छाटा आणि पाणी हात राखून द्या. तिला लाड सोसत नाहीत. पोटभर पाणी मिळालं की नुसती पानं काढते. कुंड्यांना गेरू आणि दाराशी मोगरा. भिंतीतला पिंपळ पानं तोडून जात नाही, तो मुळासकट काढून ती फट बुजवावी लागते.

मलबा मात्र रस्त्यावर टाकू नका. २०१७ ते २०२३ सलग सात वेळा स्वच्छतेत देशात पहिला आलेला गाव आहे हा. इथे शेजारी चोरी खपवून घेईल, ढिगारा नाही.

तृतीयेच्या आसपास मंडळी येतात. नवराबायको, दोन्हीकडचे आईवडील, हातात होकायंत्र घेतलेले एक वास्तुवाले आणि 'कन्स्ट्रक्शनमधलं कळणारे' एक मामा. बाकीचे मोगरा हुंगतात, मामा भिंतीकडे बघतही नाहीत. खिडकीशी जातात, हात वर करून छज्जाच्या पोटाखाली बोट फिरवतात, खाच सापडते.

"हं," मामा म्हणतात. मग बोट रुमालाला पुसून विचारतात, "गच्चीची किल्ली आहे का?"