आधी रस्ता, मग रोषणाई

लोअर परळसारख्या भागात मोठं मनोरंजन संकुल झालं तर मुंबईची शान वाढेल, असं एका लेखात वाचलं. विरोध नाही, पण माणसं तिथे येणार-जाणार कशी? गिरण्यांच्या जागी मॉल, ऑफिसं, पब आले. गल्ल्या आणि स्टेशनचे जिने मात्र बरीच वर्षं गिरणीच्या काळातलेच राहिले. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोड (आताचं प्रभादेवी) स्टेशनच्या पादचारी पुलावर चेंगराचेंगरीत २३ जीव गेले. बरोबर तीन महिन्यांनी कमला मिल्सच्या आवारात गच्चीवरच्या पबला लागलेल्या आगीत १४. त्यातले बहुतेक स्वच्छतागृहात गुदमरून गेले, कारण बाहेर पडायची वाट सापडली नाही. गच्चीवर ताडपत्री-बांबूचं छप्पर टाकून हॉटेल चालवायला परवानगी देतं कोण?

१९९१ च्या नियमाप्रमाणे गिरण्यांच्या जमिनीचा एक तृतीयांश हिस्सा मोकळ्या जागांसाठी पालिकेला मिळणार होता. २००१ मध्ये सरकारने नियम बदलून हा हिशेब फक्त आधीच रिकाम्या असलेल्या जमिनीवर आणला आणि मैदानं गेली ती गेलीच. म्हणून नव्या संकुलात हौशी मंडळींना परवडेल अशा भाड्याचं एक छोटं नाट्यगृह आणि तिकिटाशिवाय बसता येईल असं मैदान हवंच. तेही आराखड्यातच लिहून घ्या. नंतर कोणी देत नाही.