दगडाला काय होतंय, काका?

तीन तास! वसई विजयदिनाच्या तयारीची बैठक काल तीन तास चालली आणि त्यातले दोन तास व्यासपीठावर कोण बसणार यातच गेले. फ्लेक्सवर कुणाचा फोटो मोठा, शाल-श्रीफळ आधी कुणाला, ढोलपथक कुठलं. किल्ल्याचा विषय निघाला तेव्हा निम्मे लोक चपला शोधत होते. आणि म्हणे आपण वारसा जपणारी मंडळी!

मी एवढंच सांगायला गेलो होतो की मशालींची तालीम किल्ल्यातल्या पडक्या फ्रान्सिस्कन चर्चमध्ये नको. तिथली जमीन म्हणजे थडग्यांच्या शिळा आहेत हो. पोर्तुगीज अक्षरं, घराण्यांची चिन्हं, सगळं कोरलेलं. गेल्या आठवड्यात त्यातल्याच एका शिळेवर तेलाचा डबा ठेवला होता. डबा गळका. दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन बघतो तर अक्षरांच्या खाचांत तेल मुरलेलं, वर काजळी आणि धूळ बसून काळा लगदा. सुती फडक्याने तासभर टिपत बसलो, एक ओळ धड मोकळी झाली नाही. दगडाने एकदा तेल प्यायलं की संपलं. हे बैठकीत सांगितलं तर एक पदाधिकारी म्हणतात, "अहो काका, शेकडो वर्षं टिकलंय, दगडाला काय होतंय!"

डोकंच फिरलं माझं. अरे, ज्या विजयाचा उत्सव करताय तो तरी नीट वाचा! मराठ्यांनी हजारो माणसं गमावून, सेंट सेबस्तियन बुरुजाखाली सुरुंग उडवून पोर्तुगीजांकडून घेतलेला किल्ला हा. एवढा राग डोक्यात असूनही १६ मे १७३९ ला तह झाला तेव्हा चिमाजी अप्पांनी आतल्या लोकांना चीजवस्तू घेऊन जाऊ दिलं. इथल्या चर्चच्या घंटा आपल्या लोकांनी नेल्या त्या देवळांत टांगल्या. नाशिकला नारोशंकराच्या देवळात जा, भीमाशंकरला जा, आजही दिसतील. लढून जिंकणाऱ्यांनी ती घंटा जपली आणि आपल्याला साधा डबा फरशीवरून बाजूला ठेवता येत नाही?

तटाच्या सांध्यांत पिंपळ फुटलेत, त्यावर कालच्या बैठकीत एक शब्द नाही. जेवणाच्या मेन्यूवर मात्र पाऊण तास!

मशाली बाहेर मोकळ्या पटांगणात लावा, खाली पत्रा घाला. चर्चमध्ये पुन्हा तेलाचा डबा दिसला तर मी तो उचलून थेट व्यासपीठावर, पहिल्या खुर्चीत आणून ठेवणार आहे.