गौरीच्या जेवणाला ‘रान पुरे’? जरा थांबा

‘महागाईवर एकच उपाय, आपलं रान!’ या मथळ्याचा मेसेज तुमच्याही ग्रुपवर येऊन गेला असेल. डोक्यावर पदर घेतलेल्या कुणा म्हातारीचा फोटो, खाली पाच मुद्दे आणि शेवटी ‘दहा जणांना पाठवा, पुण्य लागेल’. मुद्दे थोडक्यात असे. बाहत्तरच्या दुष्काळात आपल्या माणसांनी रानातलं खाऊन सणवार केले, कुणापुढे हात पसरले नाहीत. निसर्गात उगवलेलं कधी बाधत नाही. रानभाजीत दूध-डाळीपेक्षा जास्त ताकद असते. ती फुकट मिळते. आणि ऋषिपंचमी हा याचा धर्मानेच दिलेला पुरावा. तेव्हा यंदा गौरी-गणपतीला बाजारात जाऊ नका, पिशवी घेऊन टेकडीवर जा.

एरवी असलं काही आलं की मी वाचतही नाही. पण हा मेसेज माझ्या काकूने घरच्या ग्रुपवर टाकला आणि तासाभरात भाच्याने सोसायटीमागच्या टेकडीवरच्या पांढऱ्या छत्र्यांचा, म्हणजे मशरूमचा, फोटो टाकला. ‘गौरी-जेवणाला पाहुणे आहेत, ही आळंबी करायची का?’ त्यावर काकूचं उत्तर: ‘नैवेद्याला नको, पण पाहुण्यांना चालेल.’ खाली अंगठ्यांची रांग. त्यामुळे आता लिहिणं भाग आहे. सुरुवात आळंबीपासून, कारण बाकीच्या मुद्द्यांनी फार तर पोट रिकामं राहील, याने माणूस जाईल.

मेसेज म्हणतो, ‘आळंबी शिजवताना चांदीचं नाणं किंवा लसणाची पाकळी टाका. काळी पडली तर विषारी, नाही पडली तर बिनधास्त खा. किड्याने खाल्लेली असेल तर डोळे झाकून घ्या.’

यातलं एक अक्षर खरं नाही. चांदी काळी पडते ती गंधकाच्या संयुगांनी. उकडलेल्या अंड्यात चांदीचा चमचा राहिला तरी तो काळा पडतो, म्हणून अंडं काही विषारी ठरत नाही. आणि उलट, जीवघेण्या आळंबीत टाकलेलं नाणं स्वच्छ लखलखीत निघू शकतं. किडे आणि गोगलगायी विषारी छत्र्या खुशाल खातात, त्यांना पचतं ते आपल्या यकृताला पचत नाही. ‘नीट उकळलं की विष मरतं’ ही तर सगळ्यात घातक समजूत. काही आळंब्यांत अमॅटॉक्सिन नावाचं विष असतं. ते उकळून जात नाही, तळून जात नाही, वाळवूनही जात नाही. चवीलाही कळत नाही. खाल्ल्यावर सहा-आठ तास, कधी त्याहून जास्त वेळ, काहीच होत नाही. मग उलट्या आणि जुलाब सुरू होतात. मग एखादा दिवस बरं वाटतं, घरचे म्हणतात ‘बाधलं होतं काहीतरी, निघून गेलं’. त्याच दिवसात आत यकृत निकामी होत असतं. 2022 च्या एप्रिलमध्ये आसामच्या वरच्या भागात अशा आळंबीने 13 माणसं गेली, बहुतेक चहामळ्यांच्या वस्त्यांतली. पहिल्यांदाच टेकडीवर गेलेली, हौसेखातर आळंबी तोडणारी अशी ती नव्हेत, आळंबी खाण्याची सवय असलेली माणसं होती ती.

आता कोकणातले, गोव्यातले लोक म्हणतील, आम्ही तर दर पावसात खातो. खाता, कारण तुमची आळंबी वारुळावरची असते. तिचा दांडा मुळासारखा खाली लांबत जमिनीतल्या वाळवीच्या घरापर्यंत गेलेला असतो. आणि जाणता माणूस नुसत्या छत्रीवर विसंबत नाही, तो आधी जागा बघतो. अमक्या वारुळावर अमक्या सुमारास येते, हे त्याला घरातल्या कुणी तरी तिथे नेऊन दाखवलेलं असतं. भाच्याच्या फोटोतल्या छत्र्या हिरवळीवर होत्या. पावसाळ्यात लॉनवर, गवतात एक मोठी पांढरी छत्री उगवते, जून झाली की तिच्या खालच्या पापुद्र्यांवर हिरवट झाक येते. दिसायला ती अगदी खायच्या आळंबीसारखी, आणि खाल्ली की दोन-तीन तासांत माणूस उलट्यांनी लोळतो. फोटोवरून ती कुठली ते मी सांगू शकत नाही. काकूही सांगू शकत नाही, तो मेसेज लिहिणाराही नाही. कुणी खाल्लीच असेल तर ताक, तूप, मिठाचं पाणी करत बसू नका. उरलेली आळंबी कागदात गुंडाळून घ्या आणि थेट हॉस्पिटल गाठा, बरं वाटत असलं तरी.

‘निसर्गात उगवलेलं बाधत नाही’ हे वाक्य ज्याने लिहिलं त्याने आयुष्यात शेवळंही निवडलेली नसावीत. ठाणे-रायगडात पहिल्या पावसाबरोबर बायका शेवळाच्या जुड्या घेऊन बसतात आणि शेजारी हिरव्या काकडांचा, म्हणजे आंबट रानफळांचा, वाटा ठेवतात. तो शोभेला नसतो. शेवळाचं वरचं पान सोलायचं, आतला पिवळट दाणेदार भाग काढून टाकायचा, उरलेलं बारीक चिरायचं आणि काकडाच्या रसात नाहीतर चिंच-आमसुलात शिजवायचं. यातलं काही चुकलं की घशात सुया टोचल्यासारखी खाज सुटते, कारण त्या देठांत कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक असतात. कडूकंदाचं तर आणखी कडक. कातकरी, ठाकर घरांत तो पातळ कापतात, राख घालून उकडतात आणि ओढ्याच्या वाहत्या पाण्यात रात्रभर ठेवतात, तेव्हा कुठे तो खाण्याजोगा होतो. आणि ऐन भाद्रपदात कुंपणावर जी लाल-पिवळ्या ज्वाळेसारखी कळलावी फुलते, तिच्या कंदात कोल्चिसीन नावाचं विष असतं. तो कंद कशातही उकडला तरी खायचा नसतो. रानातलं खाणं म्हणजे हे सगळं ठाऊक असणं. ते ज्यांना ठाऊक आहे त्यांना मेसेजची गरज नाही.

आता बाहत्तर. हा मुद्दा मला आळंबीइतका धोक्याचा वाटत नाही, पण डोकं जास्त फिरवतो.

साधा प्रश्न: दुष्काळ कशाने पडतो? पाऊस न पडल्याने. टाकळा, कुर्डू, फोडशी, भारंगीचा कोवळा पाला कशावर येतो? पावसावर. मग ज्या वर्षी ज्वारी उगवली नाही त्या वर्षी डोंगर टाकळ्याने हिरवेगार होते, असं म्हणायचं आहे का? दुष्काळात पालापाचोळा खाल्ला गेला, नाही असं नाही. चिंचोके भाजून खाल्ले, उंबरं खाल्ली, मिळेल ते कंद उकरले. पण तो सण नव्हता, ती उपासमार होती, आणि म्हाताऱ्या माणसांना विचारलं तर ती अभिमानाने नाही, मान खाली घालून सांगतात.

बाहत्तर-त्र्याहत्तरला लोक जगले ते दुसऱ्याच गोष्टींवर. दुष्काळी कामांवर खडी फोडून, बंडिंग म्हणजे शेताचे बांध घालून, पाझर तलाव खणून. रेशनवर आलेल्या अमेरिकेच्या लाल मिलोच्या, म्हणजे तिकडच्या लाल ज्वारीच्या, भाकरीवर, जी थापताना तुटायची आणि खाताना घशाखाली उतरायची नाही. सुकडीवर, म्हणजे कामावर वाटल्या जाणाऱ्या सुक्या पिठाच्या खाऊवर. ज्याँ द्रेझ या अर्थशास्त्रज्ञाने त्या दुष्काळाचा बारकाईने अभ्यास केला आहे. त्यात आकडा आहे: मे 1973 मध्ये, कळस होता तेव्हा, महाराष्ट्रात जवळपास 50 लाख माणसं सरकारी दुष्काळी कामांवर होती. पन्नास लाख! इतका भयंकर दुष्काळ असून मोठ्या प्रमाणावर भूकबळी पडले नाहीत, याचं मुख्य श्रेय तो या कामांना आणि त्यांच्या मजुरीला देतो. मजुरी हातात आली म्हणून दाणे विकत घेता आले. पुढे विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी कायद्यात आली, 1977 साली, तीही याच अनुभवातून.

‘हात पसरले नाहीत’ हे मात्र खरं. पसरले नाहीत, हात उगारले. काम द्या म्हणून तहसील कचेऱ्यांवर मोर्चे गेले. आणि त्याच काळात मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर या पुढाऱ्यांच्या मागे बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या, तेल-साखर-धान्याच्या भावासाठी. महागाईवर आपल्या आज्यांनी शोधलेला उपाय बघायचाच असेल तर तो हा आहे. टेकडीवर जाऊन गप्प भाजी खुडणारी आजी कुणाला सोयीची आहे, याचा विचार मेसेज पुढे ढकलणाऱ्यांनी सवडीने करावा.

आणखी मागे जायचं असेल तर तुकोबांच्या घरात डोकवा. 1630 च्या सुमाराच्या दुष्काळात त्यांची पहिली बायको ‘अन्न अन्न’ करत गेली, हे त्यांनी स्वतः अभंगात सांगून ठेवलं आहे. देहूपासून भंडाऱ्याचा डोंगर किती लांब? भामचंद्र किती लांब? पलीकडे सगळं मावळ. रान होतं की उशाला.

शिवाय कोरड्या वर्षातही तग धरून येणारं सगळं बिनधोक असतं असंही नाही. विदर्भातली लाखोळी ही डाळ भाताच्या बांधीत उरल्यासुरल्या ओलीवर येते, म्हणून वाईट वर्षात गरिबाच्या घरी तीच उरते. अधूनमधून खाल्ली तर काही होत नाही. महिनोन् महिने मुख्य जेवण तीच झाली की पाय लुळे पडतात, कायमचे. 1961 साली देशात तिच्या विक्रीवर बंदी आली ती याच कारणाने.

ताकदीचा मुद्दा. इथे अर्धं खरं आहे आणि ते मान्य करायला मला जड जातंय. शेवग्याच्या पाल्यात दुधापेक्षा कितीतरी जास्त कॅल्शियम असतं, रानातल्या बऱ्याच पाल्यांत लोह चांगलं असतं. कृषी खातं ऑगस्टमध्ये रानभाजी महोत्सव भरवतं ते उगाच नाही. पण कॅल्शियमने पोट भरत नाही. 100 ग्रॅम पालेभाजीतून 30 ते 50 कॅलरी मिळतात, 100 ग्रॅम तांदळातून 345 च्या आसपास. दिवसाच्या दोन हजार कॅलरी नुसत्या पाल्यातून काढायच्या तर माणशी चार ते सहा-सात किलो भाजी रांधावी लागेल. गाईला जमतं ते. पाला भाकरीबरोबर खायचा असतो, भाकरीऐवजी नाही.

ऋषिपंचमीचा पुरावा तर उलटाच पडतो. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, बरोबर. पण ऋषीच्या भाजीत काय असतं ते बघा: अळू, लाल माठ, भेंडी, पडवळ, सुरण, मक्याचं कणीस. हे रानात फुकट सापडत नाही. कुणीतरी परसात कुदळीने खणून, पाणी घालून वाढवलेलं असतं. आणि ते एका दिवसाचं व्रत आहे. दोन-तीन दिवसांनी गौरी येतात तेव्हा त्याच घरात पुरण शिजतं, महालक्ष्म्यांना सोळा भाज्या आणि आंबील लागते. सिंधुदुर्गात गोकुळाष्टमीला शेगलाच्या (शेवग्याच्या) पाल्याची भाजी हवीच, पण पानात शेजारी आंबोळी असते, काळ्या वाटाण्याची उसळ असते. पानात रानाचा, परसाचा मान आहे. अख्खं पान त्याच्यावर कधीच नव्हतं.

राहिलं ‘फुकट’. शहराजवळची टेकडी म्हणजे बहुतेक वेळा वनखात्याची जमीन, नाहीतर कुणाची तरी खासगी. राष्ट्रीय उद्यानातून तर पानही तोडून नेता येत नाही. गटाराच्या कडेचं अळू आणि तणनाशक मारलेल्या बांधावरचा टाकळा फुकट असतो खरा, त्याचा हिशेब नंतर होतो. आणि जिथलं रान खरोखर रानभाजीचं आहे तिथे 2006 च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर, म्हणजे लाकूड सोडून रानातल्या बाकीच्या उत्पन्नावर, हक्क दिलाय तो आदिवासींना आणि पिढ्यान् पिढ्या त्या जंगलावर जगणाऱ्यांना. आपण गाड्या घेऊन जाऊन पिशव्या भरायच्या म्हणजे सणाच्या दिवसांत त्यांच्या हातात चार पैसे येतात ते काढून घ्यायचे.

हवीच असेल रानभाजी, तर कर्जत, पनवेल, बदलापूरला स्टेशनबाहेर पहाटेची गाडी पकडून आलेल्या बायका बसतात. शेवळं आता मिळणार नाहीत, त्यांचा मोसम जूनमध्येच सरला. टाकळाही निबर झाला. भारंगी कदाचित मिळेल, सुरण, अळू नक्की. जुडीचा भाव सांगतील तो द्या. भारंगी किती उकळायची, पाणी ओतून द्यायचं की नाही, हेही तिथेच विचारून घ्या. सांगतात त्या, त्याचे वेगळे पैसे लावत नाहीत.